कोहळ्याची भाजी आणि बोंडं

‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. पण या म्हणीतला कोहळा दाखवा म्हटलं, तर पुण्याचा माणूस आणि समुद्रपूरचा माणूस दोन निराळी फळं पुढे करतील. पुणेकराचं फळ पांढुरकं, अंगावर राख फासल्यासारखं. आग्र्याचा पेठा होतो ते. आमच्या वर्धा जिल्ह्यात मात्र कोहळं म्हणजे केशरी गराचं फळ, ज्याला इतरत्र लाल भोपळा म्हणतात. पोळा असो, महालक्ष्म्या असोत की लग्नाची पंगत, आमच्याकडे पानात कोहळ्याची भाजी हवीच. आणि त्याच कोहळ्यात गूळ घालून तळलेली बोंडं हा आमचा घरचा गोड पदार्थ. एका भाजीचं पक्वान्न कसं झालं, त्याची ही गोष्ट.

पांढरा कोहळा आपल्याकडचा जुना. संस्कृतातला ‘कूष्माण्ड’ प्राकृतातून येत येत मराठीत ‘कोहळा’ झाला. केशरी फळ मात्र परदेशी, अमेरिका खंडातलं. भोपळ्याच्या कुळातल्या फळाचं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचं बी मेक्सिकोतल्या गिला नाकित्झ या गुहेत सापडलं आहे. कोलंबसाच्या १४९२ सालच्या सफरीनंतर अमेरिकेतली पिकं जगभर फिरू लागली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, आणि पुढच्या काळात मिरची, रताळं, पेरू यांच्यासारखी ही पाहुणी मंडळी देशात पसरली. विदर्भाने या नव्या फळाला नवं नाव शोधलं नाही. जुन्या कोहळ्याचंच नाव त्याला देऊन टाकलं आणि त्याला घरचं करून घेतलं.

नावाबरोबर मानही मिळाला. पशुबळीऐवजी कोहळा फोडण्याची चाल देशात पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्याकडे अख्खं कोहळं बाईने कापायचं नाही, पहिला घाव पुरुषाने घालायचा, असा दंडक असे. त्या जुन्या बळीचीच ही आठवण असावी. आमची आई विळी पुढे करून वडिलांची वाट बघत बसे, आणि पहिला काप पडला की उरलेलं सगळं काम अर्थातच तिचं.

आता बोंडांकडे वळू. अख्खं कोहळं माळ्यावर महिनोन् महिने टिकतं. एकदा कापलं, की दोन-चार दिवसांत संपवावं लागतं. चार-पाच किलोचं फळ सणाच्या एका भाजीत संपणार कसं? म्हणून आई अर्ध्या फोडी मेथीदाण्याच्या फोडणीत टाकी आणि अर्ध्या फोडणीआधीच बाजूला काढून नुसत्या वाफवून ठेवी. त्यात पाण्याचा थेंब नाही, कारण कोहळ्याला स्वतःचंच पाणी सुटतं. फोडी गरम असतानाच त्यात गूळ घोटायचा, चिमूटभर मीठ घालायचं. निवल्यावर मावेल तेवढीच कणीक. मग हाताने लहान लहान गोळे तेलात सोडायचे आणि मंद आचेवर तळायचे. आच मोठी झाली, तर गुळामुळे वरून काळी पडतात आणि आत कच्ची राहतात. बोंड म्हटलं की आमच्या भागात आधी कापसाचं बोंड आठवतं. हिंगणघाटचा कापूस एके काळी विलायतेच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. त्या मुलखातल्या पक्वान्नाला हे नाव शोभतंच.

यात गूळच का? साखर आमच्या लहानपणी रेशनवर मिळे आणि पाहुण्यांच्या चहासाठी जपून ठेवली जाई. पण गुळाच्या बाजूने आमच्या जिल्ह्यात मोठा विचारही झाला होता. १९३२ साली साखर उद्योगाला सरकारी संरक्षण मिळालं आणि देशात तीसेक असलेले कारखाने काही वर्षांतच शंभरावर गेले. त्याच सुमारास, १९३४ साली, गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल आणि गूळ यांचा पुरस्कार करू लागले. बोंडं करणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गूळ आणि घाणीचं तेल त्यांच्या घरात होतंच.

असं करणाऱ्या आम्हीच नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात याच फळाचे घारगे होतात. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात भोपळ्याचं गोड पुडिंग छापलं गेलं, आणि लिंकन यांनी १८६३ साली राष्ट्रीय पातळीवर जाहीर केलेल्या आभारदिनाच्या जेवणात भोपळ्याचा गोड ‘पाय’ आज ठरलेलाच. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघालं. तरी खेड्यातले बहुतेक पदार्थ कागदावर न येता सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे गेले.

ही साखळी आता तुटते आहे, आणि ती तुटण्याची सुरुवात वावरात झाली. पूर्वी कपाशी-तुरीच्या वावरात धुऱ्यावर कोहळ्याचा वेल सोडलेला असे. त्यासाठी कुणी निराळा खर्च करत नसे. सोयाबीन वाढलं, तणनाशकं आली आणि वेलाला जागा उरली नाही. आता कोहळं बाजारातून पाव किलोची फोड म्हणून येतं. पाव किलोची भाजी होते आणि संपते. मागे काही उरतच नाही, मग बोंडं कशाची करायची? साखर महाग होती तेव्हा टिकलेला पदार्थ साखर स्वस्त झाल्यावर जातो आहे, याचं कारण हेच.

मी अजून दरवर्षी एक अख्खं कोहळं आणतो. बिया धुऊन, राख चोळून, सुकवून ठेवतो आणि मागेल त्याला देतो. परसात एक वेल पुरतो. तो कुंपणावर चढला की पुढचं सगळं आपोआप आठवतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)