अँथुरियम

(शास्त्रीय नाव : अँथुरियम अँड्रियानम, सुरण कुल). घरात वाढणारी, बारमाही फुलणारी उष्णकटिबंधीय वनस्पती. मूळस्थान कोलंबिया व एक्वादोरमधील दमट जंगले. फ्रेंच उद्यानतज्ज्ञ एद्वार आंद्रे यांना ती 1876 मध्ये कोलंबियात आढळली. 1889 मध्ये ती हवाई बेटांवर पोहोचली व तेथे तिची मोठी लागवड झाली. कोल्हापुरात सोप्यापासून फ्लॅटच्या गॅलरीपर्यंत ती हौसेने जोपासली जाते.

वर्णन : पाने हृदयाकृती व चकचकीत. लाल, गुलाबी किंवा पांढरा दिसणारा भाग पाकळी नसून महाछद होय. त्यातून वर येणाऱ्या दांडीवर (स्थूलकणिशावर) बारीक खरी फुले दाटीने असतात. महाछद कित्येक आठवडे टिकतो, मग हिरवट पडतो. हे रोप निसर्गात बहुधा झाडांच्या आधाराने वाढते. राधानगरीच्या जंगलात झाडांवर वाढणाऱ्या आमरींप्रमाणे त्याच्याही मुळांना ओलाव्याइतकीच मोकळी हवा लागते. निगेची सारी सूत्रे यातूनच निघतात.

कुंडी व मिश्रण : नुसती काळी माती भरू नये, ती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे खडे, लोणारी कोळसा व थोडे गांडूळखत असे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. कुंडी मुळांच्या पसाऱ्याहून थोडीच मोठी असावी व तिला तळाशी भोके असावीत. खोडावर उघडी पडलेली मुळे ओल्या शेवाळाने झाकावीत.

प्रकाश व पाणी : पूर्वेच्या खिडकीतला, पडद्यातून गाळलेला उजेड उत्तम. कडक उन्हात पाने करपतात. अंधाऱ्या कोपऱ्यात रोप जगते, पण फुलत नाही. मिश्रणात बोट खुपसून पाहावे. वरचा थर सुकला असेल तरच पाणी द्यावे. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचून पानांच्या कडा तपकिरी होतात. साठवलेले पावसाचे पाणी मानवते. वाढीच्या काळात पंधरवड्याने लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम 19:19:19 हे विद्राव्य खत पुरते.

ऋतुमान : कोल्हापूरचा पावसाळा या रोपाला पोषक आहे, पण सततच्या झडीत कुंडी उघड्यावर ठेवू नये आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. मार्च ते मे या काळात हवा कोरडी होते. तेव्हा सकाळी पानांवर पाणी फवारावे व कुंडी खडे-पाण्याच्या ताटात खड्यांवर, पाण्याला न टेकवता ठेवावी. थंडीत पाणी कमी करावे व रोप रात्रीच्या गार वाऱ्यापासून जपावे.

कीड व रोग : पिठ्या ढेकूण दिसताच ओल्या फडक्याने पुसून काढावा व निंबोळी तेल फवारावे. जिवाणूजन्य करप्यात पानांवर पिवळ्या कडेचे तेलकट डाग पडतात. अशी पाने निर्जंतुक केलेल्या कात्रीने कापून नष्ट करावीत.

अभिवृद्धी : बुंध्याशी फुटलेली पिले मुळांसह वेगळी करून लावावीत.

सावधगिरी : अळू-सुरणाप्रमाणे याच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. कुंडी लहान मुले व पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी आणि छाटणीनंतर हात धुवावेत.