बोगोटाहून कात्रजपर्यंत: एका मार्गिकेचा मागोवा

धायरी फाट्यावर संध्याकाळी पीएमपीची वाट पाहणाऱ्यांत दोन पक्ष असतात. एकाला सिंहगड रस्त्यावर आणखी उड्डाणपूल हवेत, दुसऱ्याला मेट्रो. बसला स्वतंत्र मार्गिका द्या, म्हणणारा तिसरा पक्ष आता औषधालाही सापडत नाही. पुण्यात बीआरटीचं, म्हणजे बसच्या राखीव मार्गिकेचं, नाव काढलं की लोक हसतात, नाही तर चिडतात. पण तिच्या कुळाचा शोध घेतला, तर वाट थेट दक्षिण अमेरिकेतल्या एका राजधानीत जाते. आणि त्या शहराबद्दल आपल्याला वेबसिरीजमधल्या गोळीबारापलीकडे फारसं काही ठाऊक नसतं.

मूळ पुरुष मात्र ब्राझीलमधल्या कुरितिबाचा. जैमे लेर्नेर हा वास्तुरचनाकार तिथे महापौर होता. भुयारी रेल्वे शहराच्या खिशाला परवडणारी नव्हती, तेव्हा १९७४ मध्ये त्याने मोठ्या रस्त्यांच्या मधोमध फक्त बससाठी वाट राखून ठेवली. पुढे तिथे नळीच्या आकाराचे थांबे आले: तिकीट आधी, बस नंतर, आणि चढायला पायरी नाही.

ही कल्पना मोठी झाली ती कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात. नव्वदच्या दशकात त्या शहराची अब्रू पार गेलेली होती. कोकेनतस्कर पाब्लो एस्कोबारचा अड्डा खरं तर मेडेयीनमध्ये, पण १९८९ मधले बॉम्बस्फोट बोगोटानेही सोसले, आणि जगाच्या मनात कोलंबिया म्हणजे कोकेन हे समीकरण घट्ट बसलं. रस्त्यावर वेगळीच लढाई चालू होती. खासगी बसचालकांची कमाई प्रवाशांच्या संख्येवर ठरायची, त्यामुळे ते एकमेकांना कट मारत प्रवासी पळवायचे. आपल्याकडच्या सहाआसनी रिक्षांचे दिवस आठवणाऱ्यांना अधिक सांगायला नको.

१९९५ मध्ये तिथे आंतानास मोकस हा गणित आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक महापौर झाला. चौकात नियम मोडणाऱ्यांची नक्कल करायला त्याने चक्क मूकनाट्याचे कलाकार उभे केले. दंडापेक्षा फजितीची भीती जास्त, असा त्याचा हिशेब. (लक्ष्मी रस्त्यावर हा प्रयोग व्हावा, अशी माझी जुनी इच्छा आहे. नटांची पुण्यात कमतरता नाही.) १९९८ मध्ये आलेल्या एन्रिके पेन्यालोसाने फुटपाथवरच्या मोटारी हटवल्या, मोटारमालकांचे शिव्याशाप घेतले, आणि डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही बससेवा सुरू केली.

तिची खुबी राखीव रस्त्यात कमी आणि इतर गोष्टींत जास्त होती. स्थानकं बंदिस्त, तिकीट आत शिरतानाच. फलाट आणि बसचा तळ एका पातळीवर. बऱ्याच ठिकाणी स्थानकापाशी दुसरी मार्गिका, म्हणजे थांबलेल्या बसला मागे टाकून जलद बस पुढे निघते. लाल जोडबसमध्ये सुमारे १६० माणसं मावतात, आणि लांबच्या वस्त्यांतून प्रवाशांना स्थानकावर आणायला वेगळ्या पोषक बस. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नियोजन आणि देखरेख एका सार्वजनिक कंपनीकडे. बस चालवणाऱ्या खासगी कंपन्यांना पैसे मुख्यतः धावलेल्या किलोमीटरवर, त्यामुळे प्रवासी पळवण्याचं कारणच संपलं.

हे शहर पाहायला जाणाऱ्याला आधी दम लागतो. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर. बोगोटा २,६४० मीटरवर वसलेलं. वर मोन्सेरातेचा डोंगर ३,१५२ मीटरवर, तिथे दोरीने ओढली जाणारी रेल्वे १९२९ पासून आहे. स्पॅनिश लोक १५३८ मध्ये येण्याआधी तिथे मुइस्का लोकांची वस्ती होती. त्यांचा सोन्याचा इवलासा तराफा सुवर्णसंग्रहालयात आहे. जेवायला आखियाको: कोंबडी, मका आणि तीन जातींचे बटाटे घातलेलं दाट सूप. आणि दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून अधिक किलोमीटर रस्त्यांवर मोटारींना बंदी, लोक सायकलवर. ही सिक्लोव्हियाही १९७४ चीच, आणि तिची सुरुवात सायकलवाल्यांनी रस्त्यावर उतरून केली. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याने तिथल्या बसच्या आधी हा रविवार उचलायला हवा होता.

आपण उचलली मार्गिका. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट हा देशातला पहिला बीआरटी मार्ग ठरला. निधी केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतला. पण तिकीट बसमध्ये चढल्यावर कंडक्टरकडेच राहिलं, मार्गिका मध्येच तुटायची, दुचाक्या बिनदिक्कत आत शिरायच्या. बस चालवणारी पीएमटी त्या वेळी स्वतःच विलीनीकरणाच्या उंबरठ्यावर. त्यातून पीएमपीएमएल, म्हणजे आजची पीएमपी, २००७ मध्ये झाली. २०१५ मध्ये रेनबो नावाने संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग आला, तेव्हा बंदिस्त स्थानकं आणि एका पातळीवरचे फलाट मिळाले. म्हणजे कुरितिबाचा धडा आपण उशिरा का होईना वाचला. पण २०२३ मध्ये नगर रस्त्यावरची मार्गिका उखडायला सुरुवात झाली.

बोगोटातही स्वर्ग नाही. ट्रान्समिलेनिओत गर्दी आहे, खिसेकापू आहेत, निदर्शनं होतात, आणि मेट्रोचं काम चालू आहे. तरी शहराचा मोठा हिस्सा आजही त्याच लाल बसने कामावर जातो.

२०१७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या ११ गावांत धायरी होती. त्यानंतर सिंहगड रस्त्याला राजाराम पुलापासून उड्डाणपूल मिळाला. बससाठी राखीव रस्ता मिळाला नाही. 'बीआरटी करून पाहिली, फसली' हे वाक्य मतं मागायला येणाऱ्यांच्या तोंडी असतं. त्यांना एवढंच विचारा: बोगोटात जे केलं, त्यातलं पुण्यात नेमकं काय काय केलं होतं?