केडगावची मावशीआजी आणि आमच्या देवळाच्या सात पायऱ्या

मागे इथे गुलबर्ग्यातल्या जुन्या मराठी घरांवर बरंच लिहिलं गेलं. आम्हा ख्रिस्ती मराठी घरांबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही, तेव्हा म्हटलं, आपणच लिहावं. मी आयुष्यभर बँकेत आकडे मांडलेला माणूस, लेखक नव्हे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची आजी मूळची गुजरातेतली. १९०० सालच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी शेकडो मुली केडगावला आणल्या, त्यांत ती आणि तिची धाकटी बहीण होती. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची. धाकटीचे डोळे देवीच्या साथीत गेलेले. आई-बाप कोण, गाव कोणतं, हे दोघींना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. "आमचं माहेर मुक्ती," एवढंच आजी म्हणायची. तिची मराठी इतकी शुद्ध होती की, ती मूळची गुजराती हे आम्हा नातवंडांना खरंच वाटत नसे.

रमाबाई आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत त्या संस्कृत पंडिता म्हणून. १८५८ चा जन्म, १८८२ मध्ये हंटर कमिशनसमोर साक्ष, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्यांना ऐकायला कमी येत असे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांच्या या अडचणीमुळे ते शिक्षण त्यांना घेता आलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज इथे त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. ज्या बाईला कानांमुळे एक दरवाजा बंद झाला, तिनेच नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, आणि मुक्तीच्या छापखान्यातलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आजीच्या आठवणी मात्र जास्त मनोरमाबाईंच्या. मनोरमाबाई अमेरिकेत शिकायला गेल्या, तिथे त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि परत येऊन मुक्तीतल्या आंधळ्या मुलींना ती शिकवायला सुरुवात केली. या मुलींच्या घराचं नाव बार्तीमी सदन. मार्काच्या शुभवर्तमानात यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा बार्तीमय आहे ना, त्याच्यावरून. लोक त्याला गप्प करत होते, तो आणखी मोठ्यानं ओरडला, आणि येशू थांबला.

त्या काळी हे काम नवं होतं. मुंबईत १८८५ मध्ये बिशप मेउरिन यांनी मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा काढली. अमृतसरला १८८७ मध्ये अ‍ॅनी शार्पबाईंनी अंधांची शाळा सुरू केली. १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिलार्डबाईंनी मुंबईत अंधशाळा काढली, तीच पुढे दादरची. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये. त्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे ठिपके चालत.

मनोरमाबाईंनी १९१२ च्या सुमारास आमच्या गुलबर्ग्यात, म्हणजे निजामाच्या मुलखात, मुलींची शाळा काढली. आजी तिथे शिक्षिका म्हणून आली, इथेच तिचं लग्न झालं आणि आमचं घर गुलबर्ग्याचं झालं. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, अवघ्या चाळिशीत. पुढच्याच वर्षी रमाबाई. आजी म्हणायची, "त्या दोन वर्षांत मी दोनदा पोरकी झाले."

धाकटी बहीण केडगावलाच राहिली. वडिलांची मावशी, म्हणून आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. १९५८ च्या आसपास वडील मला घेऊन गेले होते. गुलबर्ग्याहून सोलापूर, दौंड करत पॅसेंजरने केडगाव. मी आठ वर्षांचा. तिने माझ्या तोंडावरून, कानांवरून हात फिरवला आणि वडिलांना म्हणाली, "कान तुझे आहेत रे याचे." रात्री दिवा घालवल्यावर ती मांडीवर जाड पुस्तक घेऊन बसली. मी विचारलं, "मावशीआजी, अंधारात काय करतेस?" ती म्हणाली, "वाचतेय. दिवा तुम्हाला लागतो."

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेत एका मुलीने तिला हाताला धरून पुढे नेलं, आणि मावशीआजीने बोटांनी वाचून शास्त्रपाठ सांगितला. सगळी मंडळी ऐकत बसली होती. कुणी हळहळलं नाही, कुणी कौतुकही केलं नाही. त्या रविवारी वाचायची पाळी तिची होती, एवढंच.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण त्यानंतर पन्नास वर्षं मी आमच्या शहरातल्या देवळात जात राहिलो आणि एकदाही आंधळ्या माणसाला पुढे उभं राहून वाचताना पाहिलं नाही. आंधळी माणसं नव्हती असं नाही. ती नाताळला यायची, मागे बसायची, जाताना त्यांना ब्लँकेट मिळायचं. आमची मंडळी दानशूर. ब्लँकेटांचा हिशेब मीच ठेवायचो.

आता माझ्या चुकीबद्दल. मी वीस वर्षं देवळाच्या कमिटीचा खजिनदार होतो. देवळाला सात पायऱ्या, दगडी, जुन्या. २००३ मध्ये एका तरुण सभासदाने उताराचा रस्ता करायची सूचना आणली. त्याच्या भावाला पोलिओ झालेला. अंदाजपत्रक २८,००० रुपयांचं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चाकाच्या खुर्चीवरून येणारे किती आहेत आपल्याकडे? एकही नाही. मग हा खर्च कुणासाठी?" सगळ्यांनी मान डोलावली. ठराव नामंजूर. त्याच वर्षी आम्ही मनोऱ्याच्या रंगाला त्याहून जास्त पैसे घातले, तेही माझ्याच सहीने.

एकही येत नाही कारण रस्ता नाही, हे बी.कॉम. झालेल्या माणसाला कळू नये! शाखा उघडली नाही आणि म्हटलं की या गावात खातेदारच नाहीत, तसा तो हिशेब. तो तरुण आणि त्याचा भाऊ पुढे दुसऱ्या मंडळीत जाऊ लागले.

२०१६ मध्ये माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. वाचली, पण उजवी बाजू गेली. चार महिन्यांनी आम्ही तिला देवळात नेलं. चार जणांनी खुर्चीसकट उचलून सात पायऱ्या चढवल्या. सगळे प्रेमानेच करत होते. तिचा पदर सरकला होता, आणि तो सावरायला तिचा हात उठत नव्हता. घरी आल्यावर म्हणाली, "मला देवळात न्या. पण सामानासारखं उचलून नेऊ नका." त्यानंतर ती सव्वा वर्ष गेली नाही. पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देत, पण तिला हवी होती रविवारची माणसं.

चौघांनी पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. आम्ही नेहमी त्या चौघांच्या विश्वासाचं कौतुक केलं. पण छप्पर उकलावं का लागलं? दारात गर्दी होती आणि कुणी वाट दिली नाही. त्या गर्दीत मी होतो.

त्याच वर्षी, २०१६ मध्ये, दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. जगभरच्या मंडळ्यांच्या परिषदेनेही २००३ मध्येच, म्हणजे मी तो ठराव पाडला त्याच वर्षी, सर्वांची आणि सर्वांसाठी मंडळी असं निवेदन काढलं होतं. मला ते कळलं पंधरा वर्षांनी.

मी कमिटीपुढे पुन्हा उभा राहिलो. आधी २००३ च्या चुकीची कबुली दिली, मग पैसे मागितले. उतार झाला, पण कंत्राटदाराने चौदा फुटांतच आटोपला. स्कूटर चढली असती, खुर्ची नाही. नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस फूट उतार हवा. मोडून पुन्हा केला, वळण देऊन, कठडा लावून. एकूण खर्च १,१०,००० रुपये. २८,००० चे १,१०,००० झाले, ते माझ्या एका वाक्यामुळे.

पहिल्या रविवारी पत्नी स्वतःच्या खुर्चीवरून आत गेली, मी फक्त मागून ढकललं. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्याने तीन म्हातारी माणसं आली, गुडघ्यांमुळे घरी बसलेली. आम्हाला वाटलं होतं, ती विश्वासात थंड पडलीत.

अजून बरंच बाकी आहे. बहिऱ्यांसाठी आमच्याकडे काही नाही. माझ्याही कानात आता यंत्र आहे आणि अर्धा उपदेश निसटतो. आंधळ्या माणसाने शास्त्रपाठ वाचावा, हे आमच्याकडे अजून घडलेलं नाही. त्या तरुणाला मी फोन केला. "काका, झालं ना शेवटी," एवढंच म्हणाला. त्याचा भाऊ मात्र ते पाहायला राहिला नव्हता.

मुक्तीत वाढलेल्या कुणाच्या आजी-पणजी असतील, कुणाकडे जुनं ब्रेलचं पान किंवा फोटो असेल, तर इथे जरूर लिहा. आणि तुमच्या देवळाला, मंदिराला, मंडळाच्या सभागृहाला किती पायऱ्या आहेत, तेही एकदा मोजून बघा.