खारेपाटाचे बांध

धरमतरच्या खाडीलगत, अलिबाग आणि पेण या तालुक्यांत, खारेपाट म्हणून जो सखल पट्टा ओळखला जातो, तो मुळात समुद्राच्या मालकीचा होय. आणि तो माणसाच्या ताब्यात राहिला तो मातीच्या बांधांमुळे जितका, तितकाच त्या बांधांची दुरुस्ती कोणी करावयाची याविषयीच्या करारमदारामुळे.

तिवरांच्या दलदलीत बांध घालून नवी जमीन उठविणाऱ्यास मराठेशाहीत सरकारातून कौल मिळे. पहिली काही वर्षे सारामाफी व पुढे चढत्या इस्ताव्याने वसूल, अशी सवलत असे. पेणकडील शिलोत्री या जमीनधारा पद्धतीत तर बांधदुरुस्तीची जबाबदारी धान्याच्या मापाने बांधलेली होती : बाहेरचा बांध व उघाड्या शिलोत्रीदाराने राखाव्यात आणि त्याबद्दल कुळाने त्यास बिघ्यामागे मणभर भात द्यावे.

उघाडी हा खारबंदिस्तीचा प्राण. बांधाच्या पोटातील तिची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते, आणि ओहोटीने बाहेरची पातळी उतरली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत निघून जाते. परंतु अमावास्येचे उधाण व मुसळधार पाऊस एकत्र आले आणि खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांधाला खांड, म्हणजे भगदाड, गेली, तर शेतात मुरलेला खार धुऊन निघण्यास कित्येक पावसाळे लागतात. म्हणूनच गावकऱ्यांनी एकजुटीने बांधावर राबावे, असा जोळाचा दंडक असे. वर्षानुवर्षे खंड उचलणाऱ्या खोतांपैकी किती जण त्या चिखलात उतरले, हे विचारणे सभ्यपणाचे ठरणार नाही. याच खोतांविरुद्ध १९३३ साली अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसण्याचेच नाकारले, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला.

पुढे १९४८ च्या कायद्याने खारजमिनींच्या रक्षणात सरकारने हात घातला. १९७९ मध्ये त्यासाठी नवा कायदा झाला. सरकारने हा भार पत्करला तो योग्यच, कारण खोती गेल्यावर एवढा खर्च एकट्या कुळास पेलणारा नव्हता. चूक झाली ती जोळ मोडू देण्यात : अंदाजपत्रकास मंजुरी मिळेपर्यंत पुढचे उधाण येऊन जाते, आणि त्याच ओहोटीत मूठभर माणसांनी बुजविली असती अशी खांड नावेच्या वाटेएवढी रुंद होते. मोठ्या बांधाचा खर्च सरकारनेच सोसावा. पण पहिली खांड बुजविण्याचा अधिकार, आणि त्यापुरती रक्कम, गावाच्या हाती परत द्यावी.