आवक

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाआधी एकच प्रश्न कानावर येतो: आज आवक किती? भावाची गोष्ट नंतर. शेतात काय पिकलं याचा हा हिशोब नव्हे. येऊन काय पोचलं, याचा.

या शब्दाचा एक भाऊबंद हिब्रू बायबलमध्ये आहे. 'तेवुआ'. 'बो' म्हणजे येणे, या धातूपासून तो झाला. शेतातून घरात येतं ते तेवुआ. उत्पत्तीच्या 47व्या अध्यायात योसेफ मिसरच्या रयतेला तेवुआचा पाचवा हिस्सा फारोला द्यायला सांगतो. लेवीयाच्या 25व्या अध्यायात जमिनीची किंमत ठरते ती योबेल वर्षापर्यंत, म्हणजे जमीन मूळ मालकाकडे परतण्याच्या वर्षापर्यंत, किती पिकं हाती येतील यावरून.

मराठी बायबलने यासाठी 'उत्पन्न' हा शब्द घेतला. शब्द योग्यच आहे, पण उत्पन्न मातीतून वर येतं, तेवुआ उंबरठ्याच्या आत येतं. या दोहोंच्या मधे असतं खळं.

जुन्या नगर जिल्ह्यात ज्वारीची सुगी खळ्यावर उरके. तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. वारं सुटलं की वावडीवर चढून धान्य उपणत. रास पडली, की ती घरी नेण्याआधी सुतार, लोहार, चांभार, महार यांचं बलुतं, म्हणजे गावकामाबद्दलचा धान्याचा वाटा, निघे.

गणनाच्या 18व्या अध्यायात अशीच व्यवस्था आहे. उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांना जमिनीचा वाटा नाही. त्यांना मिळतो दशमांश. त्यातला दहावा भाग अर्पण केल्यावर उरलेलं धान्य त्यांच्या खळ्याचं तेवुआच धरलं जातं, आणि ते त्यांच्या सेवेचं वेतन आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. त्याचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 साली इथूनच निघालं. मिशनमुळे ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातली माणसं सर्वांत जास्त होती. ज्यांच्या घरी खळ्यावरचं बलुतं येत असे, त्यांच्याच हाती आता बायबल आलं.

दोन्हीकडे सेवा करणाऱ्या माणसाचा हिस्सा खळ्यावरूनच येत होता. फरक मानाचा होता. लेव्याला ते वेतन म्हणून मिळे; महाराला वर्षभर गावकी करूनही खळ्याच्या कडेला उभं राहून मागावं लागे. तेवुआ शब्दाचा अर्थ लावताना धान्य कोणाच्या घरी आलं एवढं पाहून भागत नाही, ते कसं आलं हेही पाहावं लागतं.

याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी 1978 साली आपलं आत्मकथन प्रसिद्ध केलं. त्याचं नाव त्यांनी 'बलुतं' ठेवलं.