पृथ्वीचे माप आणि हिंगणघाटचे थडगे

शेताच्या बांधावरून सख्ख्या भावांत वितुष्ट आल्याच्या कथा मराठी वाचकांस सांगावयास नकोत. वाद विकोपास गेला की अखेर मोजणीदारास बोलावणे जाते. तो जुने टिपण काढतो, हद्दीचा दगड शोधतो, साखळी धरवतो आणि दोन्ही पक्षांच्या देखत आकडा सांगतो. तो आकडा दोघांनाही आवडेल असे नाही. परंतु तो मोजणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही, दुसऱ्या कोणी मोजले तरी तोच येईल, एवढी खात्री दोघांनाही असावी लागते. भूमापनाच्या व्यवसायाचे सारे मोल ह्या खात्रीत आहे. ही खात्री एका बांधापुरती न राहता साऱ्या पृथ्वीपर्यंत कशी पोहोचली आणि त्या कामी भारतभूमीचा व भारतीय हातांचा वाटा किती होता, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रात जमीन मोजण्याची परंपरा जुनी आहे. शिवछत्रपतींच्या काळी अण्णाजी दत्तो ह्यांनी केलेली मोजणी प्रसिद्धच आहे. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असे कोष्टक सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत, १८२८ च्या सुमारास, प्रिंगल ह्यांनी दख्खनमध्ये नवी मोजणी आरंभिली. परंतु तीत क्षेत्राचे व जमिनीच्या प्रतीचे आकडे ठिकठिकाणी खोटे नोंदले गेले, सारा डोईजड झाला आणि कुणब्यांनी जमिनी टाकून दिल्या. ते निस्तरण्यासाठी गोल्डस्मिड व विंगेट ह्यांना १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून पुन्हा आरंभ करावा लागला. ३३ फुटी साखळीच्या चौरसाचा एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एक एकर, हे माप आजही आपल्या तोंडी आहे. मोजणी खोटी असेल तर शिवारे ओसाड पडतात, हा इंदापूरचा धडा कोणत्याही देशाच्या भूमापकाने ध्यानी ठेवावा असाच आहे.

तथापि साखळीने शेत मोजता आले तरी देश मोजता येत नाही. डोंगर, नद्या व जंगले आड येतात. प्रत्येक साखळीगणिक होणारी सूतभर चूक शंभर कोसांवर फार मोठी होते. शिवाय पृथ्वीचा पृष्ठभाग सपाट नसल्याने गावागावांचे नकाशे कडेला कडा लावून जुळत नाहीत. ह्यावरचा उपाय म्हणजे त्रिकोणीकरण. सपाट जागी एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील खुणेचे कोन घ्यावयाचे आणि त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढावयाच्या. मग त्यांतील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची माळ शेकडो मैल नेल्यावर पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजावयाची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहावयाची. ह्या पडताळणीतच त्या पद्धतीचा प्रामाणिकपणा आहे.

हॉलंडमध्ये स्नेल ह्यांनी १६१५ च्या सुमारास ही रीत अवलंबिली. पुढे पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे की लांबट, हा वाद युरोपात माजला. न्यूटन एका बाजूस व फ्रान्समधील कासिनी घराण्याचे ज्योतिषी दुसऱ्या बाजूस, असे पक्ष पडले. निवाडा करावयाचा तर विषुववृत्तापाशी व ध्रुवापाशी अशा दोन्ही ठिकाणी एका अक्षांशाची लांबी मोजणे प्राप्त होते. त्यासाठी फ्रेंच अकादमीने १७३५ मध्ये एक तुकडी दक्षिण अमेरिकेतील आजच्या इक्वेडोरच्या मुलखात व १७३६ मध्ये दुसरी लॅपलँडमध्ये पाठविली, आणि निकाल न्यूटन ह्यांच्या बाजूने लागला. पृथ्वीचा आकार एका देशात बसून मोजता येत नाही, हे ह्यातून भूमापकांच्या कायमचे ध्यानी आले. त्यांची जागतिक बिरादरी कोणी सभा भरवून स्थापिली नाही. ती कामाच्या गरजेतून जन्मास आली.

ह्या बिरादरीत भारताचा प्रवेश झाला तो विल्यम लॅम्ब्टन ह्यांच्यामुळे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत असलेल्या ह्या सैनिकाने, टिपूचा पाडाव होताच, द्वीपकल्प त्रिकोणांनी मोजण्याची योजना मांडली. त्यांना मिळालेली उपकरणे पाहिली म्हणजे मौज वाटते. शंभर फुटी पोलादी साखळी चीनच्या बादशहास नजराणा म्हणून गेलेली आणि तेथे नाकारली गेलेली होती. कोन मोजण्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. त्या वेळी इंग्रज व फ्रेंच एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. तरीही तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते यंत्र सन्मानपूर्वक मद्रासला पोहोचते केले. पुढे फ्रेंच विज्ञान अकादमीने लॅम्ब्टन ह्यांना आपले पत्रव्यवहारी सदस्यत्वही दिले.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजावयास प्रारंभ झाला. तो दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सर्वेक्षण दिन म्हणून पाळला जातो. तेथून त्रिकोण आधी पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेले आणि मग ७८ व्या रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर माळ गुंफिली जाऊ लागली. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढविताना दोर तुटून ते अजस्र यंत्र आदळले व वाकले. लॅम्ब्टन ह्यांनी स्वतःच्या हातांनी ते पूर्ववत केले. १८१८ मध्ये ह्या कार्यास भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले. हैदराबादेहून नागपूरकडे ठाणे हलवीत असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्ब्टन ह्यांचा वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे अंत झाला. पृथ्वीच्या मापाच्या इतिहासातील एक थोर पुरुष विदर्भाच्या काळ्या मातीत चिरविश्रांती घेत आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांनी ती माळ उत्तरेस नेली. गंगा-यमुनेच्या सपाटीत टेकड्या नाहीत. म्हणून तेथे उंच मनोरे बांधावे लागले. धुळीने दिवसा दिसेना, तेव्हा रात्री दिवे लावून कोन घेतले गेले. डेहराडूनच्या दुनात १८३४-३५ मध्ये नवी आधाररेषा मोजली, आणि दक्षिणेकडून गणिताने आलेल्या लांबीशी तिचा फरक अवघ्या काही इंचांचा निघाला! १८४१ मध्ये बिदरच्या रेषेची फेरमोजणी होऊन कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतचा सुमारे २,४०० किलोमीटरांचा कंस पुरा झाला.

येथवरचा इतिहास बहुतेक पुस्तकांत सापडतो. परंतु यंत्र वाहून कोणी नेले, झाडी कोणी तोडली, डोंगरमाथ्यावर रात्र-रात्र दिवा कोणी राखला? सर्वेक्षणाच्या परिभाषेत ज्यांना खलासी म्हणत, ते हे लोक. गोदावरी व कृष्णा ह्यांच्या मधील जंगलात एव्हरेस्ट ह्यांच्या तुकडीवर तापाची साथ कोसळली, तेव्हा त्यांतील कित्येक परत आले नाहीत. त्यांची नावे कोणत्याही शिखरास दिलेली नाहीत. मद्रासेस १७९४ मध्ये निघालेल्या सर्वेक्षण शाळेतील मुलांनी लॅम्ब्टन ह्यांच्या हाताखाली कोन घेतले. आज ती संस्था गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आली आहे. एव्हरेस्ट ह्यांच्या यंत्रांची जबाबदारी पुढे अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन ह्या कुशल कारागिराने सांभाळली.

ह्या सर्वांत राधानाथ सिकदार ह्यांचे चरित्र विशेष बोधप्रद आहे. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील हा विद्यार्थी १८३१ मध्ये गणक म्हणून नोकरीस लागला व पुढे मुख्य गणक झाला. हिमालयातील ‘पंधराव्या शिखरा’ची उंची १८५२ मध्ये त्यांच्याच गणितातून सिद्ध झाल्याचे मानले जाते. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट अशी जाहीर झाली, आणि शिखरास नाव मिळाले ते एव्हरेस्ट ह्यांचे. २०२० मध्ये नेपाळ व चीन ह्यांनी मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. ज्या काळी ते शिखर शंभर मैलांहूनही दुरून पाहावे लागे, त्या काळच्या गणिताची ही अचूकता थक्क करणारी आहे.

सिकदार ह्यांची थोरवी गणितापुरती मर्यादित नव्हती. १८४३ मध्ये डेहराडून येथे सर्वेक्षणाच्या खलाशांना एका गोऱ्या दंडाधिकाऱ्याने आपले सामान वाहण्यास वेठीला धरले, तेव्हा सिकदार त्या अधिकाऱ्यासमोर उभे ठाकले. त्यांना दंड झाला, पण ते प्रकरण त्यांनी दबू दिले नाही. १८५१ च्या सर्वेक्षण-ग्रंथात त्यांनी शास्त्रीय प्रकरणे लिहिली होती. १८७० मध्ये ते वारल्यावर, १८७५ च्या आवृत्तीतून त्यांचा उल्लेख गाळण्यात आला. कलकत्त्याच्या इंग्रजी पत्रानेच त्याविरुद्ध कडक टीका केली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. कुमाऊँच्या मिलम गावचे पंडित नैनसिंह रावत ह्यांच्या वाट्यास मात्र न्याय आला. शंभर मण्यांची जपमाळ हाती घेऊन व पावले मोजून त्यांनी तिबेटची वाट मापली, आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

आता ह्या मोजणीने जगास काय दिले ते पाहू. उत्तरेतील कलियाना व माळव्यातील कल्याणपूर ह्या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर ताऱ्यांवरून एक येई व त्रिकोणांवरून दुसरे. फरक होता सुमारे सव्वापाच विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरांचा. एखाद्या कामचुकार माणसाने तो पोटात घातला असता. पण सर्वेक्षणाच्या कागदांत तो जसाच्या तसा राहिला. हिमालय आपल्या वस्तुमानाने ओळंबा स्वतःकडे ओढतो, हे त्याचे कारण असावे, अशी शंका होती. कलकत्त्याचे धर्माधिकारी प्रॅट ह्यांनी १८५५ मध्ये हिशेब केला, तर ओढ अपेक्षेच्या एक तृतीयांशच निघाली. तेव्हा एअरी ह्यांनी त्याच वर्षी उपपत्ती मांडली, की पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याप्रमाणे पर्वतांचीही हलकी मुळे खोलवर बुडालेली असतात. भूविज्ञानातील समस्थायित्वाचा सिद्धांत तो हाच. जो आकडा जुळला नाही तो प्रामाणिकपणे लिहून ठेवला, म्हणून हे ज्ञान मिळाले.

त्याच सुमारास रशियात स्ट्रुव्ह ह्यांनी १८१६ ते १८५५ ह्या काळात उत्तर ध्रुवसमुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत २,८२० किलोमीटरांचा कंस मोजला होता. भारतीय कंस व हा कंस एकत्र ठेवूनच पुढच्या पिढीने पृथ्वीचा आकार निश्चित केला. स्ट्रुव्ह ह्यांची रेषा आज दहा देशांतून जाते, आणि त्या दहांनी मिळून ती २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंदविली. १८७८ मध्ये पॅरिस येथे सात युरोपीय देशांच्या भूमापक संस्थांनी आपला आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापिला; आज त्यात शंभराहून अधिक देशांचे भूमापक आहेत.

ही मोजणी निरपेक्ष ज्ञानासाठीच झाली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. नकाशा फौजेस हवा होता, सारा वसूल करणाऱ्यास हवा होता. साम्राज्याची पकड साखळीसोबत घट्ट होत गेली, हे नाकारता येत नाही. परंतु साम्राज्य गेले आणि माप राहिले. त्याच आधारबिंदूंवरून स्वतंत्र भारताचे कालवे, धरणे व लोहमार्ग आखले गेले. एव्हरेस्ट ह्यांनी १८३० मध्ये काढलेला पृथ्वीच्या आकाराचा हिशेब आपल्या नकाशांचा पाया म्हणून दीर्घकाळ चालला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या नकाशांसाठी उपग्रहाधिष्ठित जागतिक मान आले. २०२० पासून गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनद्वारे होऊ लागली. साखळी गेली, ओझे गेले. पण दोन शेजाऱ्यांनी एकच आकडा मान्य करावयाचा, ही गरज तशीच आहे.

बृहन्महाराष्ट्रात आपली मंडळे उभी राहिली, ती जेथे पोट नेईल तेथे जाऊन प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसांच्या बळावर. बेंगळूर, हैदराबाद, डेहराडून ही शहरे ह्या महान मोजणीच्या वाटेवरची ठाणी आहेत, आणि तेथे राहणाऱ्या मराठी माणसास हिंगणघाट परके नाही. भूमापक त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजल्यावाचून त्यावर विसंबत नाही. त्याच न्यायाने, लॅम्ब्टन व एव्हरेस्ट ह्यांच्यासोबत सिकदार, मोहसीन हुसेन, नैनसिंह आणि ते असंख्य खलासी ह्यांची नोंद केल्यावाचून ह्या इतिहासाचा हिशेब जुळणार नाही. नागपूरकडे जाणाऱ्या वाचकांनी सवड काढून हिंगणघाटास अवश्य उतरावे, आणि ते थडगे पाहताना ज्यांना थडगेही लाभले नाही त्यांचेही स्मरण करावे.