तारा पाच सेकंद गायब! हौशी खगोलप्रेमी अशी वेळ का मोजतात?

समजा, तुम्ही दुर्बिणीतून एक तारा पाहताय. अचानक तो दिसेनासा होतो आणि ५ सेकंदांनी पुन्हा चमकतो. आकाश तर निरभ्र आहे. मग झालं काय? ताऱ्याच्या आड एक लघुग्रह आला होता. यालाच ‘पिधान’ म्हणतात.

वेळेवरून आकार कसा कळतो?
ताऱ्याच्या प्रकाशात लघुग्रहाची सावली पृथ्वीवरून सरकते. तिचा वेग गणिताने आधीच माहीत असतो. समजा तो सेकंदाला १० किमी आहे, तर ५ सेकंद म्हणजे ५० किमी. पण ही फक्त एका रेषेवरची लांबी झाली. पूर्ण आकारासाठी सावलीच्या पट्ट्यात ठिकठिकाणी निरीक्षक लागतात.

हौशी लोकच का?
वेधशाळा जागची हलत नाही. हौशी निरीक्षक मात्र दुर्बीण, व्हिडिओ कॅमेरा आणि अचूक वेळेसाठी जीपीएस गाडीत टाकून पट्ट्यात पोहोचतात.

२९ मे १९८३ रोजी पॅलस हा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून गेला. अमेरिका आणि मेक्सिकोतून सव्वाशेच्या वर नोंदी मिळाल्या. त्यात हौशी निरीक्षक मोठ्या संख्येने होते. या नोंदी जुळवून सुमारे ५०० किमीच्या पॅलसची बाह्यरेषा आखता आली.

तारा लपलाच नाही तर?
तीही नोंद मोलाची. लघुग्रहाची कड त्या जागेच्या अलीकडेच संपते, हे त्यातून कळतं. म्हणून ‘काहीच दिसलं नाही’ हेसुद्धा कळवायचं असतं.